दहा दिवस खुंटीवर

सामरवरणी, सिल्वासा
८ जानेवारी २०२४

ती. वाल्मिककाकांना सा. न.

मी ईशा. नाशिकच्या कंपनीत प्रेस शॉपमध्ये तुमच्या हाताखाली जो राजेंद्र होता, त्याची मुलगी. मी चार वर्षांची असताना आम्ही सिल्वासाला आलो, त्यामुळे तुम्हाला आठवत असेन तर रडकी म्हणूनच. आता सत्तावीस वर्षांची आहे. इथल्या एका यार्न कंपनीच्या लॅबमध्ये धागा तपासते आणि उरलेल्या वेळात सायकल चालवते.

पप्पा म्हणाले, "चाकं बांधावीत तर दादानेच. पण फोन करू नकोस, प्रेसच्या आवाजाने त्याचे कान गेलेत. व्हॉट्सअ‍ॅप तो उघडत नाही. पत्र लिही, उत्तर येतंच." म्हणून हे पत्र. शाळेनंतर पहिलंच.

माझ्या सायकलच्या मागच्या चाकाची रिम स्पोकच्या भोकापाशी तडकली. पुढचीही फार दिवसांची सोबती नाही. इथल्या भावेशभाईंना दाखवली, तर ते म्हणाले, "बेन, नवी सायकलज लई लो ने." मला नवी नको. फ्रेम डिस्क ब्रेकची आहे, सेकंड हँड पण चांगली. डांबरी रस्त्यावर बारीक टायर घालते, पावसाळ्यात खडबडीत टायर घालून चिखलात नेते. दोन्हीला चालतील अशा रिम मला हव्या आहेत. आमच्या ग्रुपमधली मुलं म्हणतात, कार्बनच घे. तुम्ही काय म्हणता?

मला या चाकांवरून दुधनीला जायचं आहे. आतापर्यंत खानवेलपर्यंतच पोहोचले. रिम तिथेच तडकली आणि सायकल टेम्पोत घालून परत आणावी लागली. पुढे चढ आहे, मग धरणाच्या पाण्याकडे उतरणारा कच्चा रस्ता. पप्पा म्हणतात, "तू सायकलवर पोहोच, मी गाडीने डबा घेऊन येतो."

चाकांच्या मधले दोन्ही हब काढून पार्सलने पाठवत आहे. ते ठणठणीत आहेत.

तुमची,
ईशा

*

नाशिक
१५ जानेवारी २०२४

चि. ईशास आशीर्वाद.

हब मिळाले. धुऊन ठेवले. बेअरिंग चांगली आहेत, तुझ्या बापासारखा वंगणाचा कंजूषपणा तू केलेला नाहीस.

तू रडकी नव्हतीस. चावरी होतीस. माझ्या मनगटावर खूण आहे.

आता ऐक. तुझा ब्रेक हबवरच्या तबकडीला धरतो, रिमला नाही. जुन्या तऱ्हेच्या ब्रेकमध्ये रबर रिमला घासतं आणि रिम वर्षावर्षाने पातळ होत जाते. तुझी तशी झिजणार नाही. खड्ड्यात आपटली नाहीस तर ही रिम तुला जन्मभर पुरेल. म्हणून एकदाच निवडायची आणि नीट निवडायची.

कार्बन वाईट नाही. हलकं असतं. पण ते बोलत नाही. दगड लागला तर वरून काही दिसत नाही आणि एक दिवस फुटतं. अल्युमिनियमला लागलं की पोचा येतो, आपल्याला कळतं, आपण थांबतो. तुझ्या रस्त्याला अल्युमिनियम घे.

तुझ्या हबला अठ्ठावीस भोकं आहेत, म्हणून रिमही अठ्ठावीस भोकांची. पण किती जाड, किती जड, ते वजनावर ठरतं. तुझं वजन कळव. खरं कळव. बूट, पाण्याची बाटली, पाठीवरची पिशवी सगळं धरून. दुर्गा, म्हणजे तुझी काकू, म्हणते की पोरीबाळींना वजन विचारता, लाज नाही वाटत? नाही वाटत. वजन कळल्याशिवाय मी रिमला हात लावत नाही. पुढे कमीजास्त झालं तर तेही कळवायचं.

दुसरं. चाक बांधून झालं की मी दहा दिवस खुंटीवर टांगतो. स्पोक ताणात असतात, ते हळूहळू बसतात, त्यांच्या टोकाचे निपल सरकतात. दहाव्या दिवशी पुन्हा आउट, म्हणजे चाकाचा हेलकावा, काढतो, मगच पाठवतो. घाई करणाऱ्याचं काम मी घेत नाही.

वाल्मिक

*

सामरवरणी
२ फेब्रुवारी

ती. काका,

आमच्या डिस्पॅचमध्ये खोकी वजन करायचा काटा आहे. त्यावर उभी राहिले. बूट, बाटली, पिशवी, सगळं घेऊन. गोकुळभाऊ काट्यावर असतात, धुळ्याकडचे. म्हणाले, "मॅडम, पार्टीचं नाव काय टाकू चलनावर?" मी म्हटलं, "वाल्मिककाका, नाशिक." तर म्हणाले, "मग काढा ना गाडी बाहेर, माल तयार आहे."

सामानासकट बासष्ट. नुसती मी अठ्ठावन्न. दिवाळीत कंपनीच्या मेडिकलमध्ये एकसष्ट होते. काही न करता तीन किलो उतरले, मैत्रिणी जळतात. उंची पप्पांची घेतली आहे, पाच फूट आठ, त्यामुळे आई म्हणते की मी बांबू दिसते.

कार्बन रद्द. तुम्ही सांगाल ती रिम. डांबरीवर अठ्ठावीस मिलिमीटरचे टायर, चिखलात तेहतीसचे.

हल्ली जरा दम लागतो. बरेच दिवस सायकल बंद आहे, त्याचं असावं. चाकं आली की सुटेल.

मनगटाबद्दल माफी. तेवीस वर्षं उशिरा.

ईशा

*

नाशिक
१० फेब्रुवारी

चि. ईशास,

रिम निवडली. आतून तेवीस मिलिमीटर रुंद, म्हणजे तुझे दोन्ही टायर नीट बसतील. भिंत जाड, पाचशे वीस ग्रॅम. तुझ्या वजनाला आणि त्या कच्च्या रस्त्याला बरोबर. महिनाअखेर हातात येईल, मग बांधायला घेतो.

दम लागतो तर पहाटे चालत जा. तुझा बाप आणि मी सातपूरला सायकलने जायचो, तेव्हा त्यालाही चढावर दम लागायचा. मग तो बुटाची नाडी सुटल्याचं नाटक करून थांबायचा. विचार त्याला.

वाल्मिक

*

सामरवरणी
१४ मार्च

ती. काका,

उत्तराला महिना लागला, रागावू नका. मध्ये वापीला खेपांवर खेपा झाल्या. आता कंपनीतून रजा घेतली आहे, त्यामुळे वेळच वेळ आहे.

नाडीचं विचारलं. पप्पा आधी नाही म्हणाले आणि मग इतके हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. खूप दिवसांनी हसले ते. त्याबद्दल तुमचे आभार.

वजन कमीजास्त झालं तर कळवायचं असं तुम्ही लिहिलं होतं. बावन्न आहे. हे नुसतं माझं, सामान सोडून.

चाकं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मिळतील का? घाई करणाऱ्याचं काम तुम्ही घेत नाही, माहीत आहे. ही घाई नाही, नुसती चौकशी आहे.

ईशा

*

नाशिक
२० मार्च

चि. ईशास,

सहा किलो! शाबास. रजा घेऊन तयारीला लागलीस, मग तुला नुसतं दुधनीला जायचं नाही, कुठल्या तरी स्पर्धेत उतरायचं दिसतंय. माझ्याकडे रेसची पोरं येतात, त्यांना दोन किलो उतरवताना घाम फुटतो. त्यांना तुझं पत्र दाखवलं. एक म्हणाला, "काका, ताई काय खाते ते विचारा." मी म्हटलं, काय खात नाही ते विचार.

पण जेवत जा. हाडं चढ चढत नाहीत.

आता चाकाचं. पुढचं बांधून झालं होतं, मागचं अर्ध्यावर होतं. तुझं पत्र वाचून खाली ठेवलं आणि दोन्ही सोडली. बावन्न किलोच्या माणसाला ती रिम जड. चाक दगडासारखं वाटेल, रस्त्यावरचा दणका सरळ तुझ्या मनगटात येईल. तुला चारशे दहा ग्रॅमची रिम पाहिजे आणि मध्ये बारीक असलेले स्पोक. ती मागवली. यायला पंधरा-वीस दिवस लागतील.

तुला वाटेल म्हातारा हट्टी आहे. आहेच. चुकीचं चाक मी कोणाला दिलेलं नाही.

वाल्मिक

*

सामरवरणी
३० मार्च

ती. काका,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. "हाडं चढ चढत नाहीत" हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरोबर लिहिलंय, आणि पेज आणायला गेली.

काका, पहिलीच रिम राहू दिली असती तरी चाललं असतं. वजन पुन्हा वाढेल माझं. पण तुम्ही सोडलीत म्हणजे सोडलीत. खरं कळवायचं ठरलंय म्हणून कळवते: सत्तेचाळीस. आता पुन्हा बदलू नका. हात जोडते.

केस अगदी बारीक करून टाकले. हेल्मेट आता डोक्यात गरगर फिरतं. संध्याकाळी पप्पा सायकल माझ्या खोलीत आणून भिंतीला टेकवतात. चाकांशिवाय ती फार बावळट दिसते, दात काढलेल्या माणसासारखी. मी तिची चेन पुसते. दुसरं काम नाही.

एक विचारू? दहा दिवस खुंटीवर नाही टांगलं तर काय होतं? म्हणजे, खूप बिघडतं का? तुम्ही तसंच पाठवलंत तर मी इथे दहा दिवस टांगून ठेवीन. माझ्या खोलीत खुंटी आहे. समोरच आहे, पलंगावरून दिसते.

ईशा

*

नाशिक
७ एप्रिल

चि. ईशास,

बदलत नाही. सत्तेचाळीसलाही हीच रिम चालेल. पण आता पुरे. तुझी ही रेस जिंकायची तऱ्हा मला पटत नाही. केस कापून किती ग्रॅम वाचले?

खुंटीचं विचारलंस. खुंटी तुझ्याकडे असेल, कान नसतील. माझे लोकांचं बोलणं ऐकायला गेलेत, पण स्पोकवर नख मारलं की त्याचा ताण मला बोटात कळतो. ते पत्राने शिकवता येत नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी कारभारी नावाचा एक दूधवाला माझ्या डोक्यावर बसला होता. आजच पाहिजे, उद्या गावाला जायचंय. मी दिलं. चौथ्या दिवशी उतारावर चाक आउट झालं, चिमट्याला घासलं आणि तो दुधाच्या कॅनसकट पडला. खांदा मोडला. तो मला एक शब्दही बोलला नाही, म्हणून जास्त लागलं. तेव्हापासून दहा दिवस म्हणजे दहा दिवस. मग गिऱ्हाईक मंत्री असो नाहीतर राजाची पोरगी.

रिम बारा तारखेला येईल. सोळापर्यंत बांधतो. सव्वीसपर्यंत खुंटीवर. सत्तावीसला पार्सल. मे महिन्यात तू दुधनीला. उन्हाचं पहाटे निघ.

एवढी घाई असेल तर बाजारात तयार चाकं मिळतात, ती घे. मला राग येणार नाही. थोडा येईल.

वाल्मिक

*

सामरवरणी
९ मे

वाल्मिकदादा,

पत्र मी लिहितो आहे, ईशा नाही, यावरून तुला काय ते समजेल. ती तेवीस एप्रिलला सकाळी गेली. वापीच्या दवाखान्यात नाही, घरी. तिला तिच्या खोलीत यायचं होतं.

फोन करणार होतो. पण वहिनी फोन घेणार, आणि त्यांना ते तुझ्या कानात ओरडून सांगावं लागणार. ते नको वाटलं.

फेब्रुवारीच्या मध्यावर कळलं. रक्ताचं होतं. डॉक्टरांनी उपचार सुरू केले, पण आजार फार पुढे गेलेला होता. मी पहिल्याच दिवशी म्हणालो, दादाला कळवतो. तिने मला हात धरून बसवलं. म्हणाली, "पप्पा, काकांना सांगाल तर ते मला दया म्हणून चाकं देतील. मला दयेची नकोत, बरोबर बांधलेली पाहिजेत." पण वजनाच्या बाबतीत तुला एकदाही खोटं लिहायला तयार झाली नाही. छाया आईच शेवटी, म्हणायची, अगं, अठ्ठावन्नच लिही, त्यांना काय कळतंय? तर म्हणे, "खोट्या वजनावर बांधलेलं चाक घेऊन मी काय करू?" वापीची नर्स दर सोमवारी जे लिहायची, तेच तुला यायचं.

दादा, तू मनाला लावून घेशील, मला माहीत आहे. म्हणून हे सांगतो. तुझं ते शाबासकीचं पत्र तिच्या उशीखाली होतं. येणारा प्रत्येक माणूस दारातून आत येतानाच तोंड पाडून यायचा. मीसुद्धा. ती म्हणायची, "सगळ्या जगात एकटे वाल्मिककाका आहेत, ज्यांना वाटतं मी रेसची तयारी करतेय." तुझे रेसवाले काय खाते ते विचारतात, हे तिने नर्सलाही वाचून दाखवलं. औषध चढत असताना.

खुंटीकडे बघायची. शेवटच्या आठवड्यात रोज विचारायची, "आज कितवा दिवस?" मी मोजून सांगायचो. शेवटचं सांगितलं ते सहावा.

पार्सल दोन तारखेला आलं. चार दिवस फोडलं नाही. मग छायाच म्हणाली, उघडा. मी चाकं सायकलला बसवली. फिरवून पाहिली. कुठेही हलत नाहीत, दादा. मागचं चाक एकदा हाताने फिरवलं तर कितीतरी वेळ फिरत राहिलं. छाया दारात उभी होती.

आता एक विचारतो. माझी आणि तिची उंची सारखीच, फ्रेम मला बसते. मला दुधनीला जायचं आहे. डबा घेऊन गाडीने नाही. माझं वजन त्र्याऐंशी आहे. ही चाकं मला चालतील का? खरं सांग. तिला सांगितलं असतंस तसंच सांग.

राजेंद्र

*

नाशिक
१६ मे

राजा,

पत्र चार वेळा लिहिलं आणि फाडलं. हे जातं, स्पीड पोस्टने.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही. ही चाकं तुला चालणार नाहीत. चारशे दहा ग्रॅमची रिम, बारीक स्पोक. त्र्याऐंशी किलो घेऊन खानवेलच्या पुढे गेलास तर भोकापाशी तडकेल, तिच्या जुन्या रिमसारखीच. ती सायकलवरून काढ आणि तिच्या खुंटीवर टांग. त्यांचा एकही निपल कोणी सैल करायचा नाही. मीही नाही.

मी आधी सोडलेल्या जाड रिम इथेच आहेत. परत करायला काढल्या होत्या, राहून गेल्या. त्या तुला चालतील. तिचे हब त्या चाकांत आहेत, तिथेच राहतील. तुझ्यासाठी नवे घेतले आहेत. पुढचं काल बांधलं.

आता बाकीचं. तू लिहिलंस मनाला लावू नको. लावून घेतलं आहे. तेवीस दिवस मी ती दुसरी रिम येण्याची वाट बघत बसलो. पहिली चाकं बांधून पाठवली असती तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिच्या हातात असती. तिने लिहिलंच होतं. जड का असेनात, तिने हाताने फिरवली असती. आणि त्या दहा दिवसांचं तुला सांगतो, कारण दुर्गाला सांगता येत नाही. सव्वीस तारखेला सकाळी चाकं खुंटीवरून काढली आणि स्टँडवर लावली. आउट बघायला डोळा लावला. काढायला काही नव्हतं, राजा. केसभरसुद्धा सरकलं नव्हतं. सोळाला पाठवली असती तरी तशीच होती.

एवढी वर्षं मी गिऱ्हाइकाला वजन विचारतो. अठ्ठावन्न, बावन्न, सत्तेचाळीस. तीन आकडे तिने मला सरळ लिहून दिले. मी प्रत्येक आकड्यावर रिम शोधली. आकडा कशाने उतरतोय, हे मी त्या पोरीला विचारलं नाही. उलट टाळी वाजवली. तिला त्याचं बरं वाटलं म्हणतोस. तू म्हणतोस म्हणून मानतो.

दुसरं चाक उद्या होईल. या वेळी खुंटीवर टांगणार नाही. रविवारी मी स्वतः घेऊन येतो. आउट काढायचं स्टँड आणि चाव्या पिशवीत घेतल्या आहेत. दुर्गा म्हणते, या वयात ओझं घेऊन कुठे निघालात? तिला म्हटलं, राजाकडे, दहा दिवस. चाकं रस्त्यावर बसतील. तू रोज थोडं पुढे जा, मी रोज संध्याकाळी आउट काढीन. दहाव्या दिवशी दुधनी. छाया आणि मी गाडीने डबा घेऊन येतो. चढावर थांबायचं असेल तर थांब. नाडीचं नाटक करू नकोस.

मी येण्याआधी एक काम कर. त्र्याऐंशी हा आकडा कधीचा आहे? पत्रावरून मला तो जुना वाटतो. तिच्या कंपनीत जा, गोकुळच्या काट्यावर उभा राहा, आणि आजचं वजन घेऊन ठेव. बूट, बाटली, पिशवीसकट.

आणि कमी भरलं, तर राजा, कशाने ते मला सांग.

वाल्मिक